चार ट्रॅकवर घुमट आरती: पावसाळ्यातली नोंद

चार आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर भरणारं माझं जुनं कॅसेट मशीन जिवंत झालं. गेल्या वेळी प्ले दाबल्यावर मोटर फिरायची, टेप पुढे ओढणारा दांडा, कॅप्स्टन, मात्र ढिम्म हलत नव्हता. तळाचं झाकण उघडलं तर बेल्टच्या जागी काळं डांबर. रबर तीस-पस्तीस वर्षांत असं पाघळतं, हे वाचून माहीत होतं; ते नखांतून तीन दिवस जात नाही, हे आता कळलं. "स्कूटर उघडलीस की काय?" आईनं विचारलं. पुली, फ्लायव्हील सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी पुसण्यात दीड संध्याकाळ गेली. जुन्या बेल्टचा मोजण्याइतकाही तुकडा उरला नव्हता, म्हणून पुलींभोवती शिवणाचा दोरा फिरवून माप घेतलं आणि त्याहून पाच टक्के आखूड बेल्ट मागवला. नीट बसला.

मॉडेलचं नाव लिहीत नाही. मागे एकदा लिहिलं आणि आठ दिवसांत त्याच मॉडेलच्या विक्रेत्यांनी भाव वाढवले. चार ट्रॅक, दोन वेग, खरखर घालवणारं डीबीएक्स सर्किट, एवढं पुरे. १९७९ साली टीअ‍ॅकनं १४४ हे पहिलं पोर्टास्टुडिओ काढलं, त्याच जातकुळीतलं हे नंतरचं. त्या यंत्रावर घरात बसून अख्खा अल्बम करणाऱ्या ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती इथे परत नको.

वेग तपासायला ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली टेस्ट टेप वापरली. मी नेहमी दुप्पट वेगावर, म्हणजे सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटरवर रेकॉर्ड करतो, तेव्हा सूर ६३०० वाजायला हवा. फोनवरच्या ट्यूनरनं ६२४० दाखवला. जवळजवळ एक टक्का मंद, म्हणजे १७ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले सतरा). एकट्या गळ्याला त्यानं काही होत नाही, पण पेटी जोडली की लगेच दाताखाली खडा. मोटरच्या पाठीमागच्या भोकातून बारीक स्क्रू ड्रायव्हरनं ट्रिमर, म्हणजे वेग ठरवणारा स्क्रू, केसभर फिरवला. दोनदा पुढे गेलो, तिसऱ्यांदा जमलं. हे करताना पुढचा पिच नॉब बरोबर मधल्या खाचेत आहे ना, ते आधी बघा. मी पहिल्यांदा बघितलं नव्हतं.

टेपांचं वेगळंच दुखणं. मामा मस्कतला होते तेव्हा त्यांनी आणलेल्या क्रोम टेपा, दहा, सगळ्या प्लास्टिकच्या वेष्टनात. या मशीनचं बायस, म्हणजे टेपेच्या जातीप्रमाणे रेकॉर्डिंगची जुळणी, टाईप टू म्हणजे क्रोमसाठी लावलेलं आहे आणि हल्ली नवी बनते ती बहुतेक टाईप वन, साधी टेप. ती यात घातली की वरचे सूर मंदावतात. म्हणून मामांचा डबा म्हणजे माझ्यासाठी खजिनाच. वेष्टन फोडलं, खिडकीतून बघितलं तर चार टेपांच्या गुंडाळीवर पांढरी पूड. बुरशी. इथल्या हवेत, गोव्यातल्या प्रियोळला, जून ते सप्टेंबर चामड्याच्या चपलेलाही मिशा फुटतात, तिथे टेपेचं काय घेऊन बसलात. असल्या टेपा थेट चांगल्या मशीनवर लावू नका, बुरशी हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, पुढच्या टेपेवर जाते. मी एका भंगार डेकवर, नाकाला रुमाल बांधून, सुक्या मऊ कापडाच्या चिमटीतून त्या दोनदा पुढे-मागे गुंडाळल्या. तीन वाचल्या. चौथीचे थर एकमेकांना चिकटले होते, ती फेकली. उरलेल्या आता सिलिका जेल घातलेल्या पत्र्याच्या डब्यात आहेत. हेच काम मेमध्ये करायला हवं होतं, असं दर जूनमध्ये म्हणतो.

आता मुद्द्याचं. चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, घरातली एक घुमट आरती, घुमट या वाद्याच्या साथीनं म्हणायची, चार ट्रॅकवर पुरी करायची. आबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, घुमटावर. वय सत्तरच्या पुढे, हात अजून पहिल्यासारखा.

ज्यांनी घुमट बघितलेलं नाही त्यांच्यासाठी: मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड मोकळं. उजव्या हातानं कातड्यावर थाप आणि डाव्या तळव्यानं मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, त्यानंच तो 'घुम्म' आकार घेतो. २०१९ मध्ये गोवा सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. आधी कातडं घोरपडीचं असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती संरक्षित, आता बकऱ्याचं लावतात. आबांच्या मते तो आवाजच गेला. मला फरक कळत नाही, पण त्यांच्यासमोर हे म्हणायची छाती नाही.

पहिली थाप रेकॉर्ड केली ती कातड्यासमोर वीतभर अंतरावर साधा डायनॅमिक माईक ठेवून. नुसती टपटप, ढोलकीचा गरीब चुलतभाऊ. माईक मागच्या तोंडाशी नेला तर प्रत्येक उघडझापीला वारा थेट जाळीवर, 'भुस्स'. शेवटी माईक मागच्या तोंडाच्या रेषेपासून बाजूला सरकवून, तळव्याकडे तिरका, दीड वीत लांब ठेवला. त्या जागी थापही आली आणि पोटातला घुमारही. जमिनीवर खडूनं फुली मारून ठेवली, कारण आबा दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला उठतात.

तरीही टेपवरून ऐकताना काहीतरी चुकत होतं. थाप पडली की मागून 'खस्स' असा श्वास, घुमारा विरला की तोही गप्प. हेड साफ, टेप चांगली. दोन रात्री डोकं खाजवल्यावर उजेड पडला: डीबीएक्स. हे सर्किट रेकॉर्ड करताना आवाजाची चढउतार निम्मी दाबतं आणि वाजवताना पुन्हा दुप्पट उघडतं. ६० डेसिबलचा पल्ला टेपवर ३० मध्ये मावतो, त्यामुळे टेपची खरखर नाहीशी होते. गळ्याला, पेटीला उत्तम. पण घुमटात खालचे सूर फार आणि वरचे अगदी थोडे. खरखर वरच्या पट्टीत, तिला झाकणारं तिथे कुणीच नाही. थापेबरोबर सर्किट उघडतं आणि खरखरही दारातून डोकावते. शिवाय टेपेनं खालच्या सुरांत केलेली चूकही उघडताना दुप्पट होते. "हांव वाजयतां तें तुज्या मशिनाक कळना रे," आबा म्हणाले. निदान अगदी बरोबर होतं.

डीबीएक्स पूर्ण बंद केलं तर बाकीच्या तीन ट्रॅकवर खरखर. मग बटणाची तिसरी खूण बघितली: 'सिंक'. ही सोय ड्रम मशीनला टेपबरोबर चालवणाऱ्यांसाठी. चौथ्या ट्रॅकवर सिंकचा सूर भरायचा असतो आणि डीबीएक्समुळे तो बिघडतो, म्हणून या खुणेवर फक्त चौथ्या ट्रॅकचं डीबीएक्स सुटतं. ड्रम मशीन माझ्याकडे नाही, पण घुमट आहे! चौथ्यावर घुमट, बटण सिंकवर, आणि लेव्हल नेहमीपेक्षा चढी, +३ च्या पुढे जाऊ दिली. श्वास गेला. मागे बारीक खरखर आहे, पण ती एकसारखी आहे, पावसासारखी. कान दोन मिनिटांत विसरतो. दुसरा फायदा नंतर लक्षात आला: पहिला आणि चौथा ट्रॅक टेपच्या कडेला असतात, कडा आधी झिजते आणि वरचे सूर तिथे आधी जातात. घुमटाला वरच्या सुरांचं सोयरसुतक नाही. ऐकताना, मिक्स करतानाही बटण सिंकवरच ठेवायचं, हे मशीनच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवून लिहिलंय.

क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, वाजवायचा प्रश्नच नव्हता. आरती शेवटाकडे चढत जाते, तिला मोजून बांधलं तर ती आरती राहत नाही. म्हणून दुसऱ्या ट्रॅकवर मी कच्चं गायलो आणि आबांनी त्याबरोबर थेट वाजवलं. पुढे सगळ्यांनी घुमटामागे जायचं. टेपच्या सुरुवातीला पेटीचा काळी एकचा षड्ज, २७७ हर्ट्झ, अर्धा मिनिट भरून ठेवलाय, पुढे वेग सरकला तर पिच नॉबनं त्याच्याशी जुळवता येईल. घुमटालाही जुळवणं लागतंच: पावसात कातडं सैल पडतं, प्रत्येक टेकआधी ते चुलीच्या धगीवर धरायचं. पहिला आणि पाचवा टेक एकामागोमाग ऐकले तर दोन वेगळी घुमटं वाटतात. पाचवा ठेवला. तिसरा सगळ्यांत चांगला होता, पण सव्वासहाला पोदेर, म्हणजे पाववाला, दारात आला आणि त्याचा भोंगा कडव्याच्या बरोबर मधोमध.

पुढची मांडणी अशी. शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) आणि कांसाळें (झांजा) एकाच माईकवर पहिल्या ट्रॅकवर, तोल फक्त अंतरानं साधायचा. मग पहिल्यावरून तिसऱ्यावर बाउन्स, म्हणजे एका ट्रॅकचा आवाज दुसऱ्यावर उतरवणं, आणि तो चालू असतानाच पेटी थेट वाजवून त्यातच मिसळायची. मग पहिला मोकळा: त्यावर कोरस, आणि दुसऱ्यावरचं माझं कच्चं पुसून मुख्य गळा. गेल्या महिन्यात चाचणीच्या टेपवर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर बाउन्स केला होता. कांसाळें उजळावं म्हणून ट्रेबल चढवला आणि हेडफोनमध्ये अशी शिट्टी उठली की मांजर पळालं. शेजारचे ट्रॅक हेडमध्ये एकमेकांत झिरपतात, त्यामुळे आवाज स्वतःचीच शेपूट पकडतो. मध्ये एक ट्रॅक सोडला की हा त्रास खूप कमी.

सी-६० ची एक बाजू दुप्पट वेगावर १५ मिनिटं पुरते. आरती साडेसहा मिनिटांची. जागा भरपूर.

काल शामेळ व्हायचं होतं. वाजवणारा भाचा माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या मांडवाचं, सामान आणायला गेला तो रात्रीच परतला. दरम्यान आबांनी न विचारता टेप काढून आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये लावली. त्यात ती निम्म्या वेगानं चालणार, माझा आवाज एक सप्तक खाली, यात्रेतल्या राक्षसासारखा. साधा रेकॉर्डर एका बाजूला दोनच ट्रॅक वाचतो, म्हणून घुमट नाहीच. त्यांनी बाजू पलटली. माझं मशीन चारही ट्रॅक एकाच दिशेनं भरतं, म्हणून तिथे चौथा ट्रॅक उलटा: आधी घुमारा फुगत येतो आणि शेवटी थाप पडते. मी पोचलो तेव्हा ते कान लावून बसले होते. "हा कोण वाजवतोय?" म्हणाले. "हात चांगला आहे, पण लयीत कच्चा."

टेप परत देताना त्यांनी कोपऱ्यातला टॅब मोडून दिला, आरती चुकून पुसली जाऊ नये म्हणून. आत्ता त्या भोकावर सेलोटेप चिकटवतोय. शामेळ उद्या सकाळी, पोदेर जाऊन आल्यावर.