मिसिसिपी डेल्टात पेसाहची तयारी: आमच्या स्वयंपाकघराचा अनुभव

अमेरिकेतल्या मिसिसिपी डेल्टात एके काळी गावोगावी ज्यूंची दुकानं होती. ग्रीनव्हिलचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1906 चं. आता इथल्या लहान गावांत ज्यू घरं मोजकीच उरलीत, कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे मांस देणारा, खाटीक तर नाहीच. म्हणून पेसाहची, म्हणजे वल्हांडण सणाची तयारी मी महिनाभर आधी, पुरीमचा सण झाला की लगेच सुरू करते.

मांस मेम्फिसहून आणायचं, नाहीतर ड्राय आइसमध्ये मागवायचं. पार्सल शुक्रवारी येईल असं मागवू नका. उशीर झाला तर शब्बाथभर, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसभर, ते दारात पडून राहतं. मात्सा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची भाकरी, गावच्या सुपरमार्केटातही मिळते, पण खोका उलटून वाचा. वर्षभर विकल्या जाणाऱ्या बऱ्याच खोक्यांवर 'पेसाहसाठी नाही' असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधिवत जेवणाच्या, ताटातल्या हाडासाठी कोकराचं मटण मिळालं नाही तर कोशर कोंबडीची भाजलेली मान चालते. कडू भाजीला रोमेन लेट्यूस बरा. फक्त एकेक पान उजेडात धरून किडे बघायचे.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी ज्यू, पेसाहला भात खातो. तांदूळ पांढऱ्या कापडावर पसरून तीनदा निवडायचा, कारण गव्हाचा एखादा दाणा त्यात असू शकतो आणि शिजताना फुगलेला गहू पेसाहला वर्ज्य. जीवनसत्त्वं लावलेला 'एनरिच्ड' तांदूळ मी घेत नाही. अश्केनाझी, म्हणजे मूळ युरोपातले ज्यू, पाहुणे येणार असतील तर त्यांच्यासाठी बटाटे, कारण त्यांना भात चालत नाही. सगळ्यात जास्त जपायचं ते हिंगाला! डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे तो उघड हामेत्स, पेसाहला वर्ज्य असलेला गव्हासारख्या धान्याचा पदार्थ. मिसळणाच्या डब्यात हिंगाचा चमचा फिरला असेल तर मसाले नवेच काढा.

आता भांडी. चिनी मातीची भांडी शुद्ध होत नाहीत, ती बांधून ठेवायची. स्टीलची भांडी आधी लख्ख घासायची आणि चोवीस तास वापरायची नाहीत. मग मोठ्या पातेल्यात पाणी खळाखळा उकळून एकेक भांडं पूर्ण बुडवायचं. गार भांडं आत गेलं की उकळी बसते. बुडबुडे पुन्हा जोरात वर येईपर्यंत ते आतच राहू द्या, इथेच घाई होते. बाहेर काढल्यावर थंड पाण्याखाली धरायचं. मुठीच्या सांध्यात, रिव्हेटखाली, जुनं पीठ अडकलेलं असतं. ते टोकदार काडीनं निघालं नाही तर ते भांडं बाजूला ठेवलेलं बरं.

उरलेला हामेत्स रब्बींमार्फत (ज्यू धर्मगुरूंमार्फत) बिगर-ज्यू माणसाला विकायचा. ऑनलाइन फॉर्म भरता येतो, पण रब्बी न्यूयॉर्कचे असतील तर त्यांचं घड्याळ आपल्यापुढे एक तास असतं, म्हणून आपल्या गावाचा पिनकोड नीट लिहा. सणाच्या आदल्या सकाळी दिवसाच्या उजेडाचे बारा भाग करायचे: चौथा संपेपर्यंत हामेत्स खाता येतो, पाचवा संपण्याआधी जाळायचा. उघड्यावर जाळायला बंदी असेल तर तुकडे बारीक कुस्करून संडासात सोडायचे, तेही त्याच वेळेत.