ड्रॉवरातलं पोस्टकार्ड

विजेचं बिल शोधताना खालच्या ड्रॉवरात एक पोस्टकार्ड सापडलं. पंधरा पैशांचं, पिवळं पडलेलं, अक्षर माझंच. शेजारच्या काकूंना लिहिता येत नसे. त्या निवडणं करता करता सांगायच्या, मी पाटावर बसून लिहायचो. सांगणं लांबलचक असे: गुडघा, मांजर, नळाला पाणी नाही, सुनेचा फोटो पाठव. मला खेळायला जायचं असे. मी लिही, ‘इकडील सर्व क्षेम.’ वाचून दाखवताना मात्र गुडघ्यासकट सगळं म्हणून दाखवी.

ब्राझीलची अभिनेत्री फर्नांडा मोंतेनेग्रो हिला ‘सेंट्रल स्टेशन’ या चित्रपटात पाहिलं तेव्हा म्हणूनच मी खुर्चीत चुळबुळलो होतो. रिओच्या स्टेशनात टेबल टाकून तिची डोरा निरक्षरांची पत्रं लिहिते, पैसे घेते आणि घरी नेऊन काही फाडते, काही ड्रॉवरात कोंबते. चित्रीकरणात स्टेशनातल्या खऱ्या प्रवाशांनीही येऊन तिला आपापली पत्रं सांगितली म्हणे. सांगणाऱ्याकडे ती बघते ती नजर! कंटाळा, हिशोब, आणि कुठेतरी तळाशी लाज.

बाई तेव्हा अडुसष्टच्या. आयुष्य रंगभूमीवर आणि टीव्ही मालिकांत गेलेलं. १९८३ च्या एका मालिकेत पाउलो आउत्रान या नटाबरोबर नाश्त्याच्या टेबलावर केलेली खाण्याची फेकाफेक लोक ब्राझीलमध्ये अजून आठवतात. मी ती पाच वेळा पाहिलीय, शब्द एक कळत नाही. १९९८ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात रौप्य अस्वल हा पुरस्कार, पुढच्या वर्षी ऑस्करचं नामांकन, २०१३ मध्ये टीव्हीसाठीचा आंतरराष्ट्रीय एमी. जग तिच्याकडे आलं, ते तिच्या पोर्तुगीजसकट. ऑस्कर ग्वेनेथ पाल्ट्रोला गेलं, याचा राग मी उगाचच अजून धरून आहे.

२०२५ मध्ये मुलगी फर्नांडा तोरेस त्याच दिग्दर्शकाच्या, वॉल्टर सालेसच्या, चित्रपटासाठी त्याच रांगेत उभी राहिली. तिलाही नाही मिळालं. त्या चित्रपटात शेवटी तीच नायिका म्हातारी होते, तेव्हा आई येते. स्मृती गेलेली, तोंडून शब्द नाही. नुसती बघते.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. या पत्रात मी काही गाळलेलं नाही. ‘पैसे नकोत, तूच ये’ असंसुद्धा सरळ लिहिलंय. टाकायचं तेवढं राहिलं. पत्ता वाचता येतो. पिनकोड नाही.