पताका शिवण्याआधी मधली वाट मोजा

झावळ्यांचा रविवार (पाम संडे) किंवा नाताळ जवळ आला की चर्चच्या मंडळीत पहिली चर्चा निघते ती उपासनेच्या मिरवणुकीतल्या पताकेच्या कापडाची. सॅटिन घ्यायचं की मखमल, रंग कुठला, शिवणार कोण. खरं तर कापड ही तिसरी गोष्ट. पताका उपासनेत नेमकी कधी आत येणार, येऊन कुठे उभी राहणार, आणि तिथवर जायची वाट किती रुंद आहे, हे आधी ठरायला हवं. ते ठरलं नसेल तर पताका पुलपिटामागच्या, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठामागच्या, भिंतीवर टाचण्यांनी अडकते आणि पुढच्या सणापर्यंत धूळ खाते.

समजा बाकांमधली वाट 5 फुटांची आहे. मग पताका 30 इंच रुंद पुरे. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा फूट उरतं. लांबी 48 इंच. इथे बहुतेकांना मोठी पताका हवी असते, पण हिशेब बघा. काठी 7 फुटांची, तिचं खालचं टोक धरणाऱ्याच्या कमरेशी, म्हणजे जमिनीपासून 3 फुटांवर. वरचं टोक गेलं 10 फुटांवर. पताका 4 फुटांची असेल तर तिची खालची कड 6 फुटांवर येते आणि धरणाऱ्याला समोरचं दिसतं. पताका 5 फुटांची केलीत तर कड 5 फुटांवर, म्हणजे थेट डोळ्यांसमोर पडदा. मग तो चाचपडत चालतो आणि पायरीला अडखळतो. 10 फुटांवर पंखेही असतात, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. वाटेवरचे पंखे पताका येण्याआधी बंद करायची जबाबदारी एकाच माणसाला द्या. सांगलीच्या एप्रिलात लोक कुरकुरतील, पण दोन मिनिटांचाच प्रश्न असतो. दाराची चौकट साधारण 7 फुटांची. तिथे काठी पुढे झुकवून काढावी लागते, आणि हे सरावात करून पाहावं लागतं.

44 इंच पन्ह्याचं कापड दीड मीटर आणि तेवढंच अस्तर लागतं. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच, वरच्या नेफ्याला 4 इंच, खालच्याला 3 इंच जास्त धरून कापा. उभा धागा उभाच राहिला पाहिजे. कापड वाचवायला आडवं किंवा तिरकं कापलं की पताका लटकल्यावर पिळते, आणि मग कितीही इस्त्री करा, ती सरळ होत नाही. सुती कापड आणि अस्तर कापण्याआधी भिजवून वाळवा. एक आटलं आणि दुसरं नाही, की कडेला चुन्या पडतात. खालच्या नेफ्यात 6 मिलिमीटरची लोखंडी सळई घाला. पताकेच्या रुंदीला ती पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि कापड ताठ राहायला तेवढं वजन पुरतं. सळईला रंग दिल्याशिवाय घालू नका, पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे डाग उमटतील. काठी भरीव बांबूची घ्या. पीव्हीसी पाइप स्वस्त आणि हलका, पण 6 फुटांच्या पुढे धनुष्यासारखा वाकतो.

अक्षरांचं काम खरं कौशल्याचं. शेवटच्या बाकावरून, म्हणजे 40 फुटांवरून वाचता यायचं तर अक्षराचं अंग 5 इंचांचं हवं. वर वेलांटी-रफाराला आणि खाली उकाराला प्रत्येकी 2 इंच सोडा. म्हणजे एक ओळ 9 इंचांची झाली. तीन ओळींत पताका निम्म्याहून जास्त भरते. म्हणून तीन शब्द, फार तर चार. अख्खं वचन लिहायचा मोह टाळा; वचन वाचायला बायबल आहे. आधी शिरोरेषेची सलग पट्टी शिवून घ्या आणि मग अक्षरं तिला खालून जोडा, म्हणजे ओळ वाकडी जात नाही. अक्षरांना मागून चिकट बकरम लावून कडेने झिगझॅग शिलाई घाला. सॅटिनवर गरम इस्त्री थेट फिरवू नका, वर सुती फडकं ठेवा. गोंदाने चिकटवलेली अक्षरं कडक होतात आणि गुंडाळताना सुटतात.

रंग ऋतूप्रमाणे: नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळा, नाताळ व पुनरुत्थानाला (ईस्टरला) पांढरा, पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टला) लाल, एरवी हिरवा. जांभळ्यावर काळी अक्षरं मेली. पिवळी किंवा पांढरी घ्या. आणि फ्लेक्स नको. तो चकाकतो, खडखडतो आणि त्यावर हळूच कोपऱ्यात सौजन्य म्हणून कुणाचा तरी फोटो येतोच. चौकातले वाढदिवसाचे फलक काय कमी आहेत?

आता नाच. बायबलात मिर्याम डफ घेऊन निघाली, दावीद राजा देवाच्या कराराच्या कोशापुढे नाचला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अडचण वेगळीच असते. कडवं चालू असताना मुली नाचायला लागल्या की मंडळी गायची थांबते आणि मोबाइल वर काढते. उपासना तिथेच कार्यक्रम होते. म्हणून हालचाल ध्रुवपदावर ठेवा, कडव्याला उभं राहा. वाटेतून आत येताना पावली, म्हणजे वारकऱ्यांची भजनातली पावलांची चाल, सगळ्यांत सोपी. केरवा तालाच्या चार मात्रांत: उजवा पाय पुढे, डावा त्याच्या पुढे, वजन पुन्हा मागच्या उजव्यावर, डावा शेजारी. दर वेळी एक फूट पुढे सरकतो. मिनिटाला 100 मात्रांची लय धरली तर 25 फूट होतात. 40 फुटांची वाट दीड मिनिटाहून थोड्या जास्त वेळात संपते. गाणं त्या मापाचं निवडा, नाहीतर वेदीपाशी पोचून सगळे जागच्या जागी पाय हलवत राहतात. पावली आपली नाही म्हणणाऱ्यांना साताऱ्यात तरी फार ताणता येणार नाही: भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवणारे कवी ना. वा. टिळक 1917 साली ‘देवाचा दरबार’ हा आपला ख्रिस्तभक्तांचा समुदाय इथूनच चालवत होते.

लेझीम आपल्याकडच्या शाळांतल्या बहुतेक मुलांना येते, पण ती दाराबाहेर. हात पसरून प्रत्येकाला 3 फूट लागतात, दोघं शेजारी मावत नाहीत, आणि दगडी भिंतींत तिचा खणखणाट घुमून शब्द बुडतात. आत खंजिरी आणि टाळ पुरे. हलगीचं आणखी एक आहे. काही वडीलधाऱ्यांना तिच्याबरोबर गावकीची सक्तीची कामं आठवतात. काहींना ती आपली म्हणून हवीच असते. आधी विचारा, मग आणा. कातड्याची असेल तर डिसेंबरच्या सकाळी शेकावी लागते. ते काम पताकांपासून लांब. अनवाणी नाचा, मोज्यांवर फरशीवरून पाय घसरतो. ओढण्या पिनांनी बांधा. सॅटिनजवळ पेटती मेणबत्ती नकोच.

झावळ्यांच्या मिरवणुकीत रांग लांबली की गाणं फाटतं. दोन-दोनच्या ओळीत शंभर माणसं म्हणजे दीडशे फूट. पुढचा आवाज शेवटी पोचेपर्यंत जलद लयीत फरक कळतो. बायबलातल्या 68व्या स्तोत्रात गाणारे पुढे, वाजवणारे मागे, असा क्रम आहे. लहान रांगेला तो चालतो. लांब रांगेत ढोलकी मध्यावर ठेवा आणि एकाने सांगून बाकीच्यांनी म्हणायचं गाणं घ्या. झावळ्यांसाठी ओढ्याकाठची शिंदी तोडणार असाल तर देठाजवळची पानं म्हणजे काटेच असतात. मुलांच्या हातात देण्याआधी खालचा दीड फूट सोलून घ्या. रस्त्यावरून जायचं असेल तर पोलीस ठाण्यात अर्ज वेळेत द्या आणि सकाळी 8 च्या आत आटपा.

सण झाला की पताका घडी घालून ट्रंकेत टाकू नका. सळई काढा, अक्षरं बाहेरच्या बाजूला येतील अशी जाड पाइपवर गुंडाळा, वरून जुनी सुती चादर. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. पाचगणी-महाबळेश्वरकडे तर ऑगस्टपर्यंत पांढऱ्या पताकेवर बुरशीचे ठिपके येतात, आणि ते धुऊन जात नाहीत.