तुम्ही विचारलंत म्हणून: निंदणाच्या बायांना नाश्ता कशाला?

“रोजी देता ना? मग वरून नाश्ता कशाला?” धुऱ्यापलीकडचे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडचे शेजारी विचारतात, सोयरे विचारतात, कृषी केंद्रात खताची गोणी घ्यायला गेले तर तिथं बसलेली माणसंही विचारतात. कुणी काळजीनं विचारतं, कुणी रागानं: तुम्ही सवय लावता आणि बाया आमच्याकडं येऊन मागतात. आजवर मी “असंच” म्हणून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

पुण्य लागावं म्हणून मी हे करत नाही. निंदणाला, म्हणजे पिकातलं तण काढायला येणारी बाई पहाटे चार-पाचला उठते. पाणी भरते, भाकरी टाकते, पोरांचं, नवऱ्याचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं सगळं करते. स्वतःच्या पोटात एक कप काळा चहा, फार तर त्यात बुडवलेला टोस्ट. नऊ-साडेनऊला ती वावरात वाकते आणि डबा सोडते दीड-दोनला. रात्री साडेआठला जेवलेल्या बाईच्या पोटात सरळ दुसऱ्या दिवशी दुपारी अन्न जातं. एवढा वेळ आपण बैलालाही उपाशी जुंपत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. मला तो आकडा नंतर कळला. त्याआधी मी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या, दारव्ह्याच्या बाजूच्या या वावरात बायांना उठताना कंबरेऐवजी कपाळ धरताना पाहिलं होतं. आशाताई डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवते, तिथं लाल दिसायला पाहिजे. कितीजणींचं पांढुरकं दिसतं.

आणि काम चांगलं होतं, हेही खरं. एरवी अकरानंतर खुरप्याचा हात मंदावतो, नाश्ता झाला असला की तो मंदावत नाही. माझा फायदा आहे, तो मी लपवत नाही.

“एवढ्या जणींचं रोज सकाळी जमतं कसं?” हा दुसरा प्रश्न, आणि याचं उत्तर सोपं आहे: उकडपेंडी. ज्वारी जरा जाडसर दळून आणायची. मोठ्या कढईत तेल, मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरची, मूठभर शेंगदाणे, आणि कांदा सढळ हातानं. मग पीठ घालून मंद आचेवर भाजायचं. इथं घाई केली तर तोंडात कच्चं पीठ लागतं. आधी उलथणं जड चालतं. पीठ भाजत आलं की सुटं होतं, हात हलका होतो आणि वास अंगणात जातो. तेव्हा आंबट ताकाचे हबके मारायचे. एकदम ओतलं तर गोळा होतो, म्हणून हबका, परतणं, पुन्हा हबका. झाकण ठेवून एक वाफ, वरून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि लिंबू मात्र विसरायचं नाही. ज्वारीतलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते, आणि खाल्ल्या खाल्ल्या घेतलेला चहा नेमका तेच अडवतो. चहा तासाभरानं घ्या म्हणून मी सांगून पाहिलं. चहाशिवाय नाश्ता कसला, म्हणतात. तिथं माझं चालत नाही.

कधी आदल्या दिवशी भिजवून मोड आणलेली मटकी, कधी उरलेल्या भाकरी कुस्करून कांद्यावर परतलेल्या, सोबत जवसाची चटणी. उन्हाळवाहीच्या कामाला आंबील. पोहे मलाही आवडतात, नागपूरकडची तर्री घातलेले तर फारच. पण वाकून काम करताना पोहे लवकर जिरतात, असं बायाच सांगतात.

ज्वारी आता मी विकत आणते. आमच्या शिवारात सोयाबीन पसरलं, कपाशी होतीच. ज्वारी पेरली की रोही म्हणजे नीलगाय, रानडुक्कर, पाखरं. आणि रात्रभर जागल करायला माणूस मिळत नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा ज्वारीचं कौतुक सगळीकडे ऐकलं. ज्या मातीत ज्वारी पिकायची तिथं राहून ती दुकानातून किलोनं आणताना मला दर वेळी वाईट वाटतं.

आता ती गोष्ट, जी मी कुणालाच पूर्ण सांगितलेली नाही.

त्या वर्षी आषाढात झड लागली होती. उघडीप मिळाली तेव्हा केन्याचं तण कपाशीच्या वर आलं होतं, आणि गावात सगळ्यांनाच एकाच वेळी बाया हव्या होत्या. माझ्याकडे टोळी आली. मी पाचच्या आधी उठून कढई चढवली होती. डेग घेऊन धुऱ्यावरच्या कडुलिंबाखाली गेले, ताटल्या मांडल्या. टोळीतली सगळ्यात जुनी बाई हात धुऊन बसली, पण ताटली घेईना.

“घे ना,” मी म्हटलं.

“नाष्टा नोको मले, बाई.”

“काहून? बरं नाही का?”

“बरं हाय. ह्या नाष्ट्याचे पैसे रोजीत घाला. वीस रुपये वाढवा. काय खाव ते मी पाहीन.”

बाकीच्या जणींचे हात थांबले. मी म्हटलं, अगं, उपाशीपोटी वाकतेस, चक्कर येते तुला, मागच्याच आठवड्यात तासात बसली होतीस. ती आवाज न चढवता बोलली. “माही पोरगी नर्सिंगले हाय. तिले दर महिन्याले पैसे धाडा लागते. उकडपेंडी धाडता येते का तिले?” मग खाली पाहत म्हणाली, “अन् तुमी खाऊ घालता, मंग आमाले तुमच्याच वावरात आधी या लागते. दुसरा दहा रुपये जास्त देत असला तरी नाही म्हणाची सोय राह्यत नाही.”

मला राग आला. खरंच आला. डोळ्यात पाणी आलं, ते झाकायला मी डेगेचं झाकण उगाच नीट लावत बसले. दोघी-तिघींनी खाल्लं, माझ्याकडे न बघता. बाकीचं तसंच घरी आलं. ती मात्र उठली, आपल्या ओळीला लागली आणि त्या दिवशी सगळ्यांच्या पुढं राहिली. दुपारी तिनं डबा सोडला तेव्हा मी लांबून पाहिलं: दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा.

रात्री मी हिशेब मांडला. पीठ, तेल, दाणे, गॅस, ताक. माणशी वीसच्या आतबाहेरच येत होतं. तिनं आकडा हवेत फेकला नव्हता. माझ्या कढईकडे ती किती दिवस त्या नजरेनं पाहत होती कोण जाणे.

बचत गटाच्या बैठकीत मी कितीदा ठासून सांगितलं होतं: आधी पोटाला, मग पैशाला. हातात पैसा दिला तर तो घरात जातो, बाईच्या पोटात जात नाही. म्हणून अन्नच द्यावं. ते बोलणारी मी आजही माझ्याशी भांडते. ती म्हणते, बघ, माझंच खरं निघालं, ते वीस रुपये पोरीच्या फीमध्ये गेले असते, त्या बाईच्या तोंडात घास गेला नसता. मी तिला विचारते, मग गेले असते तर काय? पोरगी नर्स झाली तर तिला निंदणाला यावं लागणार नाही. माझ्या डेगेतून हे होणार आहे का? ती गप्प बसत नाही. म्हणते, आणि तोवर आई वावरात पडली तर? याला माझ्याकडे उत्तर नाही. मी चुकले, असंही मला म्हणायचं नाही. रिकाम्या पोटी वाकणारं माणूस समोर असताना खायला घालणं चूक कसं होईल? पण माझ्या घासाचं ओझं तिच्या मानेवर बसतं, हे ती बोलली नसती तर मला कुणीही सांगितलं नसतं.

पुढच्या आठवड्यापासून मी रोजी वीस रुपयांनी वाढवली आणि नाश्ताही चालू ठेवला. कोणी खावा, कोणी खाऊ नये, विचारणं बंद केलं. ज्या शेजाऱ्यांचा माझ्यावर राग आहे तो मुळात त्या वीस रुपयांचा आहे. नाश्त्याचं नाव पुढं करतात एवढंच. तर तो प्रश्न विचारताना जरा सरळ विचारा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे अर्धं राहील. माझ्या ताटल्या सगळ्यांना एकसारख्या, मीही त्यातच, त्यांच्यासोबत बसून खाते. तरी काही जणी स्वतःच्या डब्याच्या झाकणात घेतात. गावात कुणी कुणाच्या भांड्यात खायचं हे पिढ्यान्‌पिढ्या कुणी ठरवलं आणि कुणी सोसलं, ते त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. माझ्या उकडपेंडीनं ते पुसलं असं मी सांगत फिरणार नाही. ती जुनी बाई आताशा कधी कधी खाते. झाकणातच घेते.

वेचणीत तर नाश्त्याचं सगळं गणितच बदलतं. निंदण रोजीवर असतं, कापूस किलोवर. धुऱ्यावर बसलेली पंधरा मिनिटं म्हणजे तेवढा कापूस कमी, म्हणून तेव्हा कुणीच बसत नाही, आणि बसा म्हणणंही बरोबर नाही. मग मी लाडू करते: भाजलेले शेंगदाणे, जवस, तीळ आणि गूळ. पाक करत नाही, पाकाचा लाडू बोटाला चिकटतो आणि गुळाची बोटं कापसाला लागतात. सगळं उखळात कुटून घट्ट वळायचं, वरून भाजलेल्या पिठात घोळवायचं. सकाळी दोन-दोन देते. चालता चालता खातात, काही जणी पदराला बांधून घरी नेतात, तेही मी विचारत नाही.

परवा ती जुनी बाई घरी आली होती. औंदा सोयाबीनची कापणी टोळीनं एकरी ठेक्यावर घ्यायची म्हणते. ठेक्यावर असताना नाश्ता राहील का, म्हणून तिनंच विचारलं. मी म्हटलं, आधी एकराचा भाव बोलू, खाण्याचं मग. ती पायरीवर बसली आणि तिनं भाव सांगितला. मला जास्त वाटला. अजून ठरलेलं नाही.