व्हॅन घेतली, आता आधी गंज

आत राहून फिरता येईल अशी करायला जुनी व्हॅन घेतली एकदाची! सगळे विचारतात पलंग कुठे, ओटा कसा, पण माझे पहिले तीन आठवडे नुसते गंज काढण्यात गेले. मागच्या चाकावरची रबरी मॅट उचलली तर पत्रा पार सडलेला, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार, खालची जमीनच दिसली. मग सडका भाग कापला, नवा तुकडा वेल्ड केला, प्रायमर मारला. हे आधीच उरका, एकदा वर प्लायवूड बसलं की काही दिसत नाही.

दुसरं म्हणजे ओल. दोन माणसं आत झोपली की श्वासातली वाफ गार पत्र्यावर जाऊन पाणी होते, त्यामुळे इन्सुलेशन पत्र्याला घट्ट चिकटूनच बसवायचं, मागे पोकळी नको, आणि छताला पंखा हवाच हवा, त्यात काटकसर अजिबात नको.

विजेसाठी १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, तिचा खरा व्होल्टेज १२.८, म्हणजे साधारण १२८० वॉट-अवर वीज साठते. छोटा फ्रिज चालू असताना ५० वॉटच्या आसपास खातो, पण मध्येमध्ये बंद होतो म्हणून दिवसाचे ४००-५०० वॉट-अवर धरले. एक मात्र, ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आणि मेन फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाला अगदी लागूनच.

काल पहिल्यांदा आत झोपलो, खाली नुसती गादी टाकून. रात्रभर पंखा हळू चालू ठेवला, सकाळी काचा कोरड्या! इतका आनंद झाला म्हणून सांगू.