रुंद आवाज दुपारी खुशाल, संध्याकाळी 40 मीटरवर नको

हॅम रेडिओवर (परवाना घेऊन छंद म्हणून चालवतात तो बिनतारी रेडिओ) ईएसएसबीची हौस असलेले बरेच जण भेटतात. ईएसएसबी म्हणजे एक्स्टेंडेड सिंगल साइडबँड, साइडबँड ही कमी जागेत आवाज पाठवायची पद्धत. नेहमीच्या साइडबँडवर आवाज साधारण 300 ते 2700 हर्ट्झ एवढाच जातो, बाकीचं फिल्टर कापून टाकतो, आणि ही मंडळी तो 4, 5, कधी 6 किलोहर्ट्झपर्यंत उघडतात. मला हे मनापासून आवडतं, आधीच सांगून ठेवतो.

रत्नागिरीकडचे एक काका आहेत, दोन माडांच्या मधे डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना, ताणलाय, दुपारी 40 मीटरवर, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या बँडवर येतात. पावसात त्यांच्या पडवीच्या पत्र्यावरचा आवाजसुद्धा इकडे गुहागरला ऐकू येतो, आणि ते बोलायला लागले की शेजारी बसलेत असं वाटतं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर 100 ते 150 हर्ट्झच्या आसपास असतो, तो नेहमीच्या फिल्टरमधून जातच नाही, आपला कानच वरच्या सुरांवरून तो भरून काढतो. काकांचा तो खरोखर येतो.

पण खर्जात पॉवर भरपूर जाते आणि शब्द कळायला त्याचा उपयोग फारसा नाही. शब्द कळतात ते वरच्या पट्टीतून. स चा जोर बहुतेक 4 किलोहर्ट्झच्या वर, म्हणून साध्या साइडबँडवर स आणि फ मधे गोंधळ होतो आणि आपण एस साठी सिएरा, एफ साठी फॉक्सट्रॉट करत बसतो. बरं, समोरच्यानेही फिल्टर उघडायला हवा, नाहीतर तुमची मेहनत फुकट, आणि त्याने दुप्पट उघडला की नॉइज पण दुप्पट, म्हणजे 3 डीबी जास्त.

आता जागेचं बघा. आपल्याला भारतात 40 मीटरला 7.000 ते 7.200 मेगाहर्ट्झ एवढंच, त्यातच सीडब्ल्यू म्हणजे मोर्स, डिजिटल सगळं. तुम्ही 7.090 ला एलएसबीवर (लोअर साइडबँड, आवाज खालच्या बाजूला पसरतो) 5 किलोहर्ट्झ उघडून बसलात तर 7.085 पर्यंत तुमचंच, आणि 7.087 वर जो बिचारा हळू आवाजात बोलतोय तो गेला. दुपारी बँड मोकळा असतो तेव्हा काही हरकत नाही, पण सूर्य बुडाला की लांबलांबची स्टेशनं येतात, तेव्हा आवरतं घ्यावं.

एक मात्र आहे, रुंद सिग्नल आणि घाण सिग्नल एकच नव्हे. माइक गेन ताणून, एएलसी (पॉवर हद्दीत ठेवणारं सर्किट) खच्चून मारणारा 2.7 किलोहर्ट्झमधेच बोलत असतो म्हणे, पण वॉटरफॉलवर, म्हणजे बँड दाखवणाऱ्या पडद्यावर, त्याचं स्प्लॅटर, म्हणजे बाहेर उडालेली घाण, दोन्हीकडे किती पसरलेलं दिसतं ते बघा. त्यापेक्षा स्वच्छ 4 किलोहर्ट्झ परवडला. अमेरिकेत एफसीसीकडे, म्हणजे तिथल्या रेडिओ नियामकाकडे, 2.8 किलोहर्ट्झच्या मर्यादेची सक्ती करा असा अर्ज गेला होता, तो फेटाळला, आणि मला ते बरोबरच वाटतं, हे नियमापेक्षा समजुतीने सुटण्यासारखं आहे.

वादळाची गोष्ट वेगळी. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोलीकडे लाइट आणि मोबाईल कितीतरी दिवस नव्हते. अशा वेळी रिग, म्हणजे रेडिओ सेट, बॅटरीवर, वर विजांचा कडकडाट, तेव्हा खर्ज काढून टाकायचा आणि सगळी पॉवर शब्दांवर लावायची.

माझ्या आयकॉम 7300 रिगवर बोलताना वाइड म्हणजे 100 ते 2900 हर्ट्झ, त्याच्यापुढे जातच नाही, आणि गप्पांना मला तेवढं पुरतं. संध्याकाळच्या नेटला, म्हणजे ठरलेल्या वेळी सगळे जमतात तेव्हा, 300 ते 2700 करतो. तुमच्याकडे 4 किलोहर्ट्झ निघणारी रिग असेल तर एखाद्या दुपारी 40 वर या, मी फिल्टर पूर्ण उघडून ऐकतो आणि रेकॉर्ड करून पाठवतो.