आमची वाटचाल: वहीतल्या शेऱ्यापासून जेसनबीपर्यंत

2013 साली सांगलीत एका दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही दोघांनी काम सुरू केलं. मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी वेबवर चालणारं पट्टीचं सॉफ्टवेअर करायचं, एवढंच ठरलं होतं. माल आला, सौदा झाला, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे हिशेबाची चिठ्ठी, दिली. पहिलं गिऱ्हाईक हळदीचं. म्हणून टेबलात रकाने केले ते पोती, वजन, दर, ओलावा, हळकुंड की गड्डा असे.

दुसरं गिऱ्हाईक बेदाण्याचं मिळालं. तिथं हिरवा, पिवळा की काळा, बॉक्स किती आणि माल कुठल्या कोल्ड स्टोरेजला पडलाय, हे हवं. तिसरे गुळाचे व्यापारी, त्यांना रवे मोजायचे. आम्ही ‘इतर1’, ‘इतर2’ असे रकाने जोडत अकरापर्यंत गेलो. ‘इतर4’मध्ये एका दुकानाचा रंग होता, तर दुसऱ्या दुकानाचा कोल्ड स्टोरेजमधला खोली नंबर.

मग पुस्तकातली एंटिटी-अ‍ॅट्रिब्यूट-व्हॅल्यू पद्धत घेतली. प्रत्येक गुणधर्माची वेगळी ओळ. कुठलाही नवा गुणधर्म लगेच सामावला जाई, पण आठ गुणधर्मांची एक यादी काढायला तेच टेबल आठ वेळा जोडावं लागे. शिवाय सगळे आकडेही मजकूर म्हणून साठवलेले, त्यामुळे क्रम लावला की 10 हा 9च्या आधी यायचा. हंगामात यादी उघडेपर्यंत सौदा संपलेला असे. पुढं काही महिने डॉक्युमेंट डेटाबेसही वापरून पाहिला. त्यात ठरलेले रकाने नसतात, प्रत्येक नोंद म्हणजे हवं तसं लिहिलेला एक स्वतंत्र कागद. मालाचं वर्णन त्यात छान बसलं, खतावणी, म्हणजे जमा-नावेचा हिशेब, बसली नाही. आम्ही निवडलेल्या डेटाबेसात तेव्हा अनेक डॉक्युमेंटमधले बदल एकत्र पक्के करायची किंवा एकत्र मागे घ्यायची सोय नव्हती. शेतकऱ्याच्या खात्यावर जमा झालं आणि खरेदीदाराच्या नावे पडलं नाही, असं दोनदा झालं. पैशाच्या कामात हे एकदाही चालत नाही.

वाट दाखवली ती एका जुन्या अडत्यांनी. लाल कापडी बांधणीची वही त्यांनी माझ्यासमोर उघडली. डाव्या हाताला तारीख, नाव, वजन, दर, रक्कम असे आखीव रकाने. उजव्या कडेला एकच रुंद रकाना, वर लिहिलेलं ‘शेरा’. त्यात शाईनं बारीक अक्षरात: ‘माल वाळवून आणला’, ‘2 पोती कीड’, ‘पुढच्या मंगळवारी उचल’. ते म्हणाले, “पोरा, तुझ्या कॉम्प्युटरात शेरा कुठाय?”

त्याच सुमारास आम्ही पोस्टग्रेस हा टेबलांचा डेटाबेस शिकत होतो. डिसेंबर 2014मध्ये आलेल्या त्याच्या 9.4 आवृत्तीत जेसनबी हा रकान्याचा प्रकार होता, ज्यात हवे ते गुणधर्म नावासकट लिहिता येतात. एकाच ओळीत आखीव रकानेही राहतात आणि एक मोकळा रकानाही. त्या मोकळ्या रकान्यावर जिन इंडेक्स, म्हणजे आतल्या मजकुराची शोधसूची, बसवला की शोधही झटपट होतो. म्हणजे ती वहीच. 2016च्या दिवाळीपर्यंत आम्ही सगळी दुकानं त्यावर आणली.

पण वहीत लिहिणारा हात एकच असतो, आमच्याकडं तीस दुकानांचे मुनीम होते. एका खरेदीदारानं ओलावा दहा टक्क्यांच्या आत असलेल्या हळदीची यादी मागितली आणि तीन लॉट त्यात आलेच नाहीत. एका ठिकाणी ‘ओलावा’ होता, दुसऱ्या ठिकाणी ‘ओल’, तिसऱ्या ठिकाणी आकडा अवतरणचिन्हात जाऊन मजकूर झालेला. त्या शेतकऱ्यांचा माल त्या दिवशी विकला गेला नाही. याची रुखरुख मला आजही आहे.

त्यानंतर आम्ही प्रत्येक शेतमालाचं एक नमुना-टेबल केलं. गुणधर्माचं नाव, आकडा की मजकूर, एकक आणि सक्तीचा आहे की नाही, हे सगळं तिथं ठरतं. फॉर्म त्यावरूनच तयार होतो, मुनीम नवं नाव टाइप करूच शकत नाही. साठवण्याआधी सर्व्हर तपासतो आणि डेटाबेस पुन्हा तपासतो. 2019च्या महापुरानंतर भिजलेल्या पोत्यांची वेगळी नोंद हवी होती. नमुन्यात एक ओळ वाढवली आणि त्याच संध्याकाळी ती सगळ्या दुकानांत दिसू लागली, टेबलाला हात न लावता.

आणखी एक नियम आम्ही बारदानावरून शिकलो. बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन आधी मोकळ्या रकान्यात होतं, नुसती माहिती म्हणून. नंतर ते एकूण वजनातून वजा होऊ लागलं, म्हणजे पट्टीच्या रकमेत उतरलं. तेव्हा त्याला पक्का रकाना दिला: दशांश आकडा, रिकामा चालणार नाही, उणे चालणार नाही. शेतकऱ्याच्या पैशाला लागणारी कुठलीही गोष्ट आमच्याकडं मोकळ्या रकान्यात राहत नाही. यावर गिऱ्हाइकाची घाई असली तरी आम्ही ऐकत नाही.

आज आम्ही सात जण आहोत. ‘इतर1’ ते ‘इतर11’मधल्या जुन्या नोंदी लावण्याचं काम अजून चालू आहे. दोन मुली रोज दुपारी जुन्या पट्ट्यांचे गठ्ठे सोडतात, ‘इतर4’मध्ये त्या दुकानानं नक्की काय लिहिलंय ते कागदाशी ताडून बघतात आणि मगच नमुन्यात टाकतात. हळदीचं काम झालं, बेदाण्याचं 2014 साल सध्या चालू आहे.